दाढेचे शिरस्त्राण : झिर्कोनियाची कॅप

रूट कॅनाल झाले की दाढेची ठणक थांबते आणि बहुतेक घरांत उपचार संपला असे मानले जाते. दंतवैद्यांनी सुचविलेली कॅप मग लग्नसराई, मुलांची फी, घरातील इतर आजारपणे यांमागे लांबणीवर पडत जाते. पुढे एखाद्या दिवशी भाजलेला चणा किंवा सुपारीचे खांड दाताखाली येते आणि दाढ उभी चिरते. भेग मुळापर्यंत पोहोचली तर ती दाढ बहुधा काढावीच लागते. इतक्या खर्चाने व कष्टाने वाचविलेला अवयव असा केवळ दिरंगाईने गमावला जातो.

याचे कारण साधे आहे. किडीने आणि उपचारासाठी केलेल्या छिद्राने दाढेचा बराच भाग आधीच गेलेला असतो. उरलेल्या पातळ भिंती चावण्याच्या भाराने बाहेर फाकू लागतात. कॅप त्यांना चहूबाजूंनी बांधून ठेवते. पुढच्या दाताची फार हानी झालेली नसेल तर त्यास दर वेळी कॅप लागतेच असे नाही. दाढांना मात्र ती सहसा लागते.

पूर्वी सोन्याच्या किंवा अन्य धातूच्या कॅप बसवीत. नंतर धातूवर चिनीमातीचा थर दिलेल्या कॅप आल्या. त्या दिसावयास चांगल्या. परंतु काही वर्षांनी हिरडीलगत काळसर रेघ दिसू लागते आणि वरच्या थराचा टवका उडण्याची शक्यता राहते. आता त्यांच्या जोडीला झिर्कोनिया आला आहे.

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम या धातूचे ऑक्साइड. १७८९ साली बर्लिनमध्ये मार्टिन क्लापरोट या रसायनशास्त्रज्ञाने श्रीलंकेतून आलेल्या झिरकॉन खनिजात हे मूलद्रव्य ओळखले. हेच खनिज आपल्याकडे केरळमधील चवरा येथील किनाऱ्याच्या वाळूतही मिळते. दागिन्यांतील ‘अमेरिकन डायमंड’ हाही झिर्कोनियाच. फक्त त्याची स्फटिकरचना निराळी.

शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून थंड होताना फुगतो आणि तडकतो. त्यात थोडे यट्रियम ऑक्साइड मिसळले की त्याची रचना स्थिर राहते. अशा पदार्थात भेग पडू लागली तर भेगेच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलून किंचित फुगतात आणि भेगेला तेथेच दाबून धरतात. हा गुण ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. झिर्कोनियाची चिवट ताकद येथून येते.

कॅप घडविताना प्रथम दाताचे माप घेतात. मग खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून ती यंत्राने सुमारे २० ते २५ टक्के मोठी कोरतात आणि सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजतात. आकसून ती नेमक्या मापाची होते. यट्रियाचे प्रमाण कमी असलेली जात अधिक मजबूत, पण अपारदर्शक. प्रमाण वाढविले की ती नैसर्गिक दातासारखी प्रकाश झिरपू देते, मात्र ताकद घटते. म्हणून दाढेसाठी व पुढच्या दातासाठी निवड वेगळी होऊ शकते.

कॅपला मर्यादाही आहेत. ती बसविण्यासाठी दात घासून लहान करावा लागतो आणि घासलेला भाग परत येत नाही. त्यामुळे लहानशा किडीला साधे सिमेंट भरणे पुरत असताना कॅपचा आग्रह धरू नये. उंची जुळविताना कॅप घासली तर तिला पुन्हा उत्तम चकाकी देणे आवश्यक असते. खरखरीत राहिलेली कॅप समोरचा दात झिजवते. दहा-पंधरा वर्षांचे वॉरंटी कार्ड सहसा कॅपचे असते, दाताचे नव्हे. झिर्कोनियाला कीड लागत नाही. पण तिच्या कडेखालच्या दाताला अवश्य लागते.

अहिंसक आहारविचार पाळणाऱ्या कुटुंबांना पडणारा एक प्रश्न येथे रास्त आहे. झिर्कोनिया खनिजजन्य आहे, प्राणिजन्य नाही. मात्र दात काढून इम्प्लांट बसविण्याची वेळ आली, तर हाड भरून काढण्यासाठी वापरली जाणारी काही द्रव्ये गाईबैलांच्या हाडांपासून, तर रक्तस्राव थांबविणारे काही स्पंज जिलेटिनपासून बनतात. कृत्रिम पर्यायही उपलब्ध असल्याने ही विचारणा उपचारापूर्वीच करावी. मूळचा दात वेळेत वाचविला तर हा प्रसंग सहसा येतच नाही.

सूर्यास्तानंतर काहीही मुखात न घेण्याचा नियम असणाऱ्यांनी शेवटच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच, दात घासून कॅपच्या कडेने दोरा फिरवावा. आणि रूट कॅनाल पूर्ण होताच, ठणक थांबलेली असली तरीही, दंतवैद्यांना दोन प्रश्न विचारावेत: या दाढेला कॅप हवी काय, आणि ती किती दिवसांत बसवावी?