बायबल वाचावें कसें?

आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित घरांत बायबलची एखादी प्रत असते. ख्रिस्ती कुटुंबांत ती नित्यपाठांत असते. इतरत्र कोणी ती इंग्रजी भाषेच्या सौष्ठवासाठीं घेतलेली असते, तर कोणाला ती भेट म्हणून आलेली असते. पण वाचनाची रीत बहुधा दोन्हीकडे एकच. ग्रंथ कोठें तरी उघडावा, मनाला भिडणारें एखादें वचन दिसलें कीं त्याखालीं रेघ ओढावी आणि ग्रंथ मिटावा. सुभाषितांचा संग्रह असा वाचला तर बिघडत नाहीं. बायबल मात्र असें वाचून कळत नाहीं, आणि कित्येक वेळां तर भलतेंच कळतें.

मुळांत बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट पंथाच्या बायबलांत ६६ पुस्तकें आहेत, रोमन कॅथॉलिक पंथाच्या बायबलांत ७३. त्यांत वंशावळ्या आहेत, कायदे आहेत, राजांचे वृत्तान्त आहेत, स्तोत्रें आहेत, प्रेमगीतें आहेत, आणि दूरच्या गांवच्या मंडळीस धाडलेलीं पत्रेंही आहेत. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेंत व थोडा अरामी भाषेंत लिहिला गेला, नवा करार ग्रीक भाषेंत. स्तोत्राला कायद्याचा किंवा दृष्टान्ताला इतिहासाचा अर्थ लावूं लागलें कीं घोटाळा ठरलेला. शिवाय ज्या आंकड्यांच्या आधारें आपण वचनें उद्धृत करतों, ते आंकडे मूळ लेखकांचे नव्हत. नव्या करारांतील सध्यां रूढ असलेली वचनांची विभागणी रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकानें १५५१ सालीं छापली. संदर्भ शोधण्यास ती फार सोयीची. परंतु तिच्यामुळें प्रत्येक वचन स्वयंपूर्ण असल्याचा भास होतो, आणि तें तोडून घेण्याचा मोह पडतो.

हा मोह निरुपद्रवी नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायांत नोहा मद्य पिऊन तंबूंत उघडा पडतो, त्याचा मुलगा हाम तें पाहतो, आणि शुद्धीवर आल्यावर नोहा शाप उच्चारतो. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील गुलामगिरीचे कैवारी या कथेवरून असें प्रतिपादन करीत कीं, काळ्या वर्णाचे लोक हामचे वंशज असून दास्य हें देवानेंच त्यांच्या कपाळीं लिहिलें आहे. आतां तोच अध्याय उघडून सावकाश वाचावा. शाप हामला नाहींच. तो त्याचा मुलगा कनान याला आहे. शाप देणारा देव नव्हे, नुकताच नशेंतून जागा झालेला बाप आहे. आणि वर्णाविषयीं तेथें एक अक्षरही नाहीं. कनानचेंच नांव कां, याचा धागा पुढील पुस्तकांत सांपडतो. इस्राएल लोकांनीं ज्यांची भूमि घेतली ते कनानी. एवढें ध्यानांत येण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं. नजर पानावर ठेवावी लागते. लाखों माणसांच्या बेड्यांना ज्याचा आधार दिला गेला, तें त्या पानावर नव्हतेंच!

मग वाचावें कसें? रीत नुसती वर्णन करण्यापेक्षां एका कथेवर चालवून पाहूं. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची कथा बहुतेकांस ठाऊक असते. धाकटा मुलगा वांटणी मागून परदेशीं जातो, सारें उडवतो, डुकरें राखण्याची पाळी येते, आणि शेवटीं घरीं परतल्यावर बाप त्याला पोटाशीं धरतो. हें तात्पर्य म्हणून सांगितलें जातें, आणि तें खोटें नाहीं. पण तें अर्धेंच आहे.

ग्रंथतात्पर्य ठरविण्याच्या आपल्या मीमांसकांच्या कसोट्या आहेत. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या आरंभींच त्यांचा ऊहापोह केला आहे. त्यांतील उपक्रमोपसंहार, म्हणजे आरंभ व शेवट, आणि अभ्यास, म्हणजे पुनःपुन्हां आलेली गोष्ट, एवढ्या दोनच येथें लावून पाहाव्या. या अध्यायाचा उपक्रम पहिल्या दोन वचनांत आहे. जकातदार आणि पापी म्हणून गणलेले लोक येशूचें ऐकावयास जवळ येतात, आणि परूशी व शास्त्री कुरकुर करतात कीं, हा असल्या लोकांच्या पंक्तीस बसतो. पुढील तिन्ही दृष्टान्त या कुरकुरीचें उत्तर आहेत. शंभर मेंढरांतलें एक हरवतें, दहा नाण्यांतलें एक हरवतें, दोन मुलांतला एक हरवतो. हरवणें, सांपडणें आणि आनंद करणें, हे तीन शब्द घणाच्या घावांसारखे परत परत येतात. मग थोरला भाऊ शेतावरून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, आणि रागानें आंत जावयास नाकारतो. बापाशीं बोलतांना तो ‘हा तुझा मुलगा’ म्हणतो, ‘माझा भाऊ’ म्हणत नाहीं. बाप उत्तरांत शांतपणें ‘हा तुझा भाऊ’ म्हणतो. एका सर्वनामाचा हा फरक. पण ज्यांच्या कुरकुरीनें अध्यायाचा आरंभ झाला, ते श्रोते त्यांत ओळखूं येतात. ‘उधळ्या पुत्र’ हा मथळा मागाहून दिलेला आहे. तो आपली दृष्टि धाकट्यावर खिळवितो, आणि कथा ज्यांना सांगितली त्यांचा प्रतिनिधि अंगणांतच उभा राहतो.

येथें आपल्याला एक धोका आहे, तो असा कीं ही कथा आपल्याला फारच जवळची वाटते. एकत्र कुटुंब, वांटणी, दोघां भावांतलें वितुष्ट, हें सारें आपल्या घरांतलेंच. परंतु मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. मोशेच्या नियमशास्त्रांत तशी कल्पना नाहीं, तेथें ज्येष्ठाला दुप्पट वांटा आहे. म्हणजे दोन मुलांत धाकट्याचा तृतीयांश, आणि तोही बाप हयात असतां मागितलेला. आपल्या वाटणीच्या दाव्याचा रंग त्याला दिला, तर त्या मागणीची उद्धटता फिकी पडते. परक्या ग्रंथांतील परकेपणा जपणें हाही अर्थ लावण्याचाच एक भाग आहे.

आतां हरवलेल्या मेंढराची कथा मत्तयाच्या १८ व्या अध्यायांत पाहावी. तीच शंभर मेंढरें, तेंच एक कमी. पण तेथें श्रोते शिष्य आहेत, विषय श्रद्धावंतांतल्या ‘लहानां’ना न तुच्छ लेखण्याचा आहे, आणि ग्रीक क्रियापदही वेगळें आहे. लूककडे मेंढरूं ‘हरवतें’, मत्तयकडे तें ‘भरकटतें’. एका ठिकाणीं बाहेरच्यांचें स्वागत, दुसऱ्या ठिकाणीं आंतल्यांची काळजी. दोन्ही एकत्र कालवून एकच कथा बनविण्यापेक्षां शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्यांत मला अधिक लाभ दिसतो.

पाठभेदांचा प्रश्न किचकट म्हणून वाचक टाळतात. त्यांतली गंमत मात्र याच कथेंत आहे. धाकट्यानें परदेशींच आपलें भाषण तयार केलेलें असतें, आणि त्याचें शेवटचें वाक्य ‘मला एका मोलकऱ्यासारखें ठेवा’ अशा अर्थाचें असतें. प्रत्यक्ष भेटींत तो तें बोलतो काय? सिनाय व व्हॅटिकन येथील चौथ्या शतकांतल्या प्रख्यात हस्तलिखितांत तें वाक्य आहे. पण १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, त्यांहून जुन्या समजल्या जाणाऱ्या पपायरसांत तें नाहीं, आणि संपादक तें मूळचें मानीत नाहींत. कारण उघड आहे. नकलकारानें दोन वचनें वरचें भाषण नुकतेंच लिहिलें होतें; तें पुरें करण्याकडे त्याचा हात सहज वळला. वाक्य गाळण्याचें तितकेंसें कारण दिसत नाहीं. म्हणजे जुनी व मानाची पोथीही प्रसंगीं चुकते. आणि अर्थ किती पालटतो पाहा! मोलकरी होण्याची विनंति ओठांवर येण्यापूर्वींच बाप चाकरांस उत्तम झगा आणावयास सांगतो. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, त्या परंपरेंतल्या वाचकाला या खटपटीचें मोल निराळें सांगावयास नको.

शब्दांविषयीं थोडेंच सांगतों. मेंढरूं सांपडल्यावर ‘पश्चात्तापा’चा उल्लेख येतो. आपल्या शब्दांत मागाहून होणारा ताप आहे. ग्रीक शब्दांत मन पालटणें आहे, आणि त्याच्यामागें उभ्या असलेल्या हिब्रू कल्पनेंत परत फिरणें आहे. मेंढरूं आणि नाणें यांना कसला ताप होणार! मात्र व्युत्पत्ति म्हणजे अर्थ नव्हे, ही खूणगांठ बांधून ठेवावी. ज्याला मूळ भाषा येत नाहींत त्यानें दोन भाषांतरें समोर ठेवावीं. मराठींत ही सोय जुनी आहे. पंडिता रमाबाईंनीं केडगांवास राहून हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध बायबलचें भाषांतर केलें, सामान्य स्त्रियांस समजावें अशा मराठींत. १९२२ सालीं त्या वारल्या तेव्हां तें हातावेगळें झालें होतें. जेथें दोन भाषांतरें एकमेकांपासून दूर जातात, तेथें मुळांत कांहीं गांठ आहे असें समजावें, आणि टीकाग्रंथ तेव्हां उघडावा; आधीं नव्हे. आधीं उघडलेली टीका आपल्या ऐवजीं वाचते.

राहिला उपसंहार. बाप बाहेर येऊन थोरल्याची विनवणी करतो, जें माझें तें सर्व तुझेंच आहे म्हणून सांगतो, आनंद करणें योग्यच होतें म्हणतो. एवढ्यावर बापाचें बोलणें संपतें आणि अध्यायही संपतो. थोरला आंत गेला किंवा नाहीं, हें लूकनें लिहिलेलें नाहीं. पुढच्या वाक्यांत येशू शिष्यांकडे वळून एका कारभाऱ्याची निराळीच कथा सांगूं लागतो.