हात थांबले, तबला वाजतोच आहे!

तबल्यावर थाप पडताना दिसावी आणि तिचा आवाज साडेतीन सेकंदांनी ऐकू यावा, असे तुम्ही कधी पाहिले आहे का? मी पाहिले आहे.

माझे मामा तबला वाजवत. मुलाकडे अमेरिकेला गेले असता तेथे त्यांनी तासभर वादन केले आणि कुणीतरी ते व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपले. मामा वारल्यानंतर, २००६ साली, त्याची डीव्हीडी मामींकडे आली. त्यांच्या जुन्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे दिसे आणि सारखे वर सरके. म्हणून एका दुकानातून ती आपल्याकडच्या पद्धतीची करून आणली. दुकानदाराने पहिले मिनिट लावून दाखवले. सारे ठीक होते. घरी मात्र शेवटच्या तिहाईला मामांचे हात थांबलेले, आणि तबला वाजतोच आहे! मामी उठून आत गेल्या.

दोष कोठे होता? टीव्हीवरचे चित्र म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून त्याच्या निम्मी, सेकंदाला २५ चित्रे. आपली ही पद्धत ‘पाल’. तिच्यात चित्राच्या ६२५ रेषा असतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडच्या ‘एनटीएससी’ पद्धतीत ३० चित्रे आणि ५२५ रेषा.

पण हे ३० पुरते ३० नाहीत. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाची पद्धत मंजूर झाली, तेव्हा रंगाची वाहक लहर आणि आवाजाची वाहक लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटेल, अशी अडचण होती. ती टाळण्यासाठी ३० ला १००० ने गुणून १००१ ने भागले. उत्तर आले सुमारे २९.९७. गंमत पाहा, आवाजाचा त्रास चित्राला होऊ नये म्हणून केलेली ही तडजोड पुढे चित्र आणि आवाज यांची फारकत करू लागली!

डीव्हीडीवर आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या रूपात साठवता येतो. आपल्या एका चित्राच्या वाट्याला बरोबर १,९२० नमुने येतात. अमेरिकन चित्राच्या वाट्याला १,६०१.६. पाच चित्रे एकत्र घ्यावीत तेव्हा कुठे ८,००८ हा पूर्णांक मिळतो.

आता मामांच्या तबकडीकडे वळू. मी घड्याळ लावून बसलो. दहाव्या मिनिटाला आवाज ०.६ सेकंद मागे, तिसाव्याला १.८, साठाव्याला ३.६. आलेख काढला तर आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा! तिचा चढ ३,६०० सेकंदांना ३.६, म्हणजे हजारात एक. चोर सापडला. रूपांतर करताना कुणीतरी २९.९७ ऐवजी ३० धरले होते. त्यामुळे चित्रे किंचित लवकर संपत होती आणि आवाज आपल्या मूळ गतीने चालला होता. पहिल्या मिनिटाअखेर फरक पडतो फक्त ०.०६ सेकंदाचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज ०.१२५ सेकंद उशिरा आला, तर तो जाणवू लागतो, पण ०.०४५ सेकंद आधी आला तरी जाणवतो. मला यात नवल वाटत नाही. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. उलटे आपण कधी अनुभवलेलेच नसते. दुकानदाराचे कान तेव्हा निर्दोष होते, परीक्षा तेवढी तोकडी होती.

योग्य रीत अशी : एकूण वेळ तीच ठेवायची, दर सहा चित्रांतून साधारण पाच नवी चित्रे घडवायची, आणि आवाजाची गती बदलायचीच नाही.

सिनेमाची गोष्ट वेगळी. तो सेकंदाला २४ चित्रांनी टिपतात. अमेरिकन तबकडीत काही चित्रांचे भाग पुन्हा दाखवून २४ चे ३० करतात आणि वर तीच हजारातली एक कपात. ‘पाल’साठी ती पुनरावृत्ती काढून उरलेली २३.९७६ चित्रे सरळ २५ च्या वेगाने चालवतात. १०० मिनिटांचा सिनेमा सुमारे ९५ मिनिटे ५४ सेकंदांत संपतो. येथे आवाजालाही तितकेच पळवावे लागते. नाहीतर चित्र संपल्यावर चार मिनिटे नुसतेच संवाद! पळवलेल्या आवाजाची पट्टीही चढते, सुमारे पाऊण स्वराने म्हणा (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर एक धरून). संगणकाने ती पुन्हा उतरवता येते. ती उतरवलेली नसेल, तर अशा सिनेमातले गाणे पेटीवर वाजवू पाहा. नेमकी पट्टी सापडणार नाही.

मूळ तबकडीवरून दुसरी प्रत करवली. या वेळी आम्ही शेवटची तिहाई आधी लावून पाहिली आणि मगच मामींना हाक मारली.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एका रूपांतरित तबकडीत दहाव्या मिनिटाला आवाज ०.९ सेकंद मागे आहे आणि चाळिसाव्याला २.७ सेकंद. तिच्यात दोष एक की दोन? आलेख काढून पाहा.