पोटरीतले पीक आणि पाचवा महिना



दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. कपाशीवर मावा-तुडतुडे आल्याचा निरोप आला, म्हणून एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. बांधावर पाहतो तो एक तरुण सून विहिरीवरून डोक्यावर घागर आणून फवारणीच्या टिपात ओतत होती. औषध कालवायचे कामही तिच्याचकडे. हातात काडी, तोंडावर पदर. बाई पोटुशी आहे हे चालण्यावरूनच कळत होते.

मी सासूला विचारले, "मावशी, सूनबाईला कितवा महिना?"

"पाचवा लागलाय, साहेब. आधी तीन महिने पोरीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. आता उलट्या थांबल्यात, चार घास खाती. म्हणून आणली संगं."

मावशी काही वाईट नव्हत्या. आपल्या पुष्कळ घरांत असेच चालते. पहिले तीन महिने उलट्या होतात म्हणून घर सुनेला जपते. शेवटचे दोन महिने पोट दिसते म्हणून जपते. मधल्या महिन्यांत तिला बरे वाटते, आणि नेमके तेव्हाच सगळे काम तिच्या अंगावर पडते.

मी म्हणालो, "मावशी, ज्वारी पोटरीत असताना पाणी चुकवाल का?"

"छे! कणीस कसं भरंल?"

"वरून ती हिरवीगारच दिसते की! पण आत कणीस घडत असतं. सूनबाईचंही तसंच आहे."

मावशींनी सुनेच्या हातातली काडी काढून घेतली.

पोटात काय चालते?

पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाची हालचाल आईला कळू लागते. पहिलटकरणीला थोडी उशिरा, दुसऱ्या खेपेला थोडी लवकर. विसाव्या आठवड्यात बाळ साधारण ३०० ग्रॅमचे असते, अठ्ठाविसाव्या आठवड्यात १ किलोच्या आसपास. म्हणजे दोन महिन्यांत वजन तिप्पट! हा सगळा माल आईच्या रक्तातूनच जातो. "कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि बाळंतपण सोपे होते" असे म्हणणारी माणसे अजून भेटतात. हा समज सोडा. अशक्त आईचे बाळही अशक्त निपजण्याचा धोका असतो.

रक्त किती ग्रॅम?

एकरी किती गोण्या खत टाकले हे गड्याला तोंडपाठ असते. पण घरच्या गरोदर बाईचे रक्त किती ग्रॅम, असे विचारले की तो आभाळाकडे पाहतो. दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? आमच्या घरी पहिल्या खेपेला मी पीक प्रात्यक्षिकांच्या मागे गावोगाव हिंडत होतो. पत्नीला दम लागतो, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हे तिने दोनदा सांगितले. मी म्हणालो, "या दिवसांत होतेच." रक्त तपासले तेव्हा ७ ग्रॅमच्या जरासे वर निघाले. कृषी पदवीधर माणूस, पानाचा पिवळेपणा पाहून लोहाची कमतरता ओळखतो, आणि घरातला फिकटपणा त्याला दिसला नाही!

गरोदरपणी रक्त ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो पंडुरोग समजतात. ७ पेक्षा खाली गेले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांचे रक्त कमी आढळले. माती, राख, खडू खावासा वाटणे याला आपण डोहाळे म्हणतो. पण पुष्कळदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची लाल गोळी, निदान १८० दिवस, घ्यायची असते. उपकेंद्रात ती फुकट मिळते. जेवणानंतर तासाभराने लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी; चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह अंगी लागू देत नाही. शौचाला काळे होते म्हणून घाबरून गोळी बंद करू नये. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, दोन तासांचे अंतर ठेवून. जंताची गोळी, धनुर्वाताचे इंजेक्शन, रक्तदाब, लघवी आणि साखरेची तपासणी हेही याच काळात चुकवू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते.

अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाची घडण पाहण्यासाठी सोनोग्राफी करतात. तिथे मुलगा की मुलगी असे विचारू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

ताट आणि काम

खाण्यासाठी बाजार धुंडाळायला नको. रोजच्यापेक्षा एक भाकरी आणि वाटीभर वरण जास्त, शेवग्याचा पाला, मेथी, हरभऱ्याची भाजी, मूठभर शेंगदाणे, तिळाची चटणी, दूध, चालत असेल तर अंडे. मात्र सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत या घरात बंद झाली पाहिजे.

हलके काम करायला हरकत नाही. पण फवारणी, औषध कालवणे, फवारलेल्या रानात खुरपणी आणि फवारणीचे कपडे धुणे, ही चार कामे गरोदर बाईने अजिबात करू नयेत. विष श्वासातून जाते तसे कातडीतूनही जाते, आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचू शकते. डब्यावरचा त्रिकोण लाल असो की हिरवा, नियम एकच. जड घागरी, वैरणीचे भारे, पोती हेही दुसऱ्याने उचलावे. दुपारी तासभर कुशीवर पडू द्यावे.

आताच ठरवा

सातव्यात डोहाळजेवणाचा थाट करतो, त्याआधी काही गोष्टी ठरवून ठेवा. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात, रात्री गाडी कोणाची, बाईचा रक्तगट कोणता, वेळ पडली तर रक्त कोण देणार. १०८ आणि १०२ हे नंबर भिंतीवर लिहा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी माता-बाल कार्ड बरोबर न्यावे. रक्तस्राव, पाणी जाणे, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हातावर सूज, ताप, झटके किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

त्या सुनेचे रक्त दुसऱ्याच दिवशी तपासले, ८ ग्रॅम निघाले. डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या सांगितल्या. त्या वेळेवर देण्याचे काम मावशींनी आपल्याकडे घेतले. पौषात मुलगी झाली, दोघी सुखरूप. परवा तो मुलगा भेटला. मी पिकाचे विचारण्याआधी त्यानेच सांगितले, "साहेब, आता घरचीचं रक्त अकरावर आहे."

तुमच्या घरी कोणी पोटुशी असेल तर आज रात्री तिचे कार्ड काढा आणि तो आकडा पाहा. आकडा नसेल, तर उद्या शेताच्या आधी उपकेंद्राची वाट धरा.