निवडुंगाचे नाव कसे ठरते?

आपल्याकडे ‘निवडुंग’ या एका नावाखाली दोन वेगळ्या कुलांतील वनस्पती येतात. कुंपणाला लावलेला तीनधारी निवडुंग एरंडाच्या कुलातला. त्याला खरवडले की पांढरा चीक वाहतो. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. त्याचे काटे गादीसारख्या लहान, केसाळ ठिपक्यांतून झुबक्याने निघतात. हा ठिपका कॅक्टस कुलाची खूण होय. पाणी साठवण्याची गरज सारखी, म्हणून दोन्हींचे रूप सारखे. नाते मात्र जवळचे नाही. वर्गीकरणात शोधायचे असते ते नाते.

एक जाती वगळता सर्व कॅक्टस मूळचे अमेरिका खंडांतील आहेत. लिनीअसने १७५३ साली त्याला ठाऊक असलेल्या २२ जाती ‘कॅक्टस’ या एकाच प्रजातीत घातल्या. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने त्यांची विभागणी केली. आज सुमारे दीड हजार जाती शंभराहून अधिक प्रजातींत मांडल्या जातात.

शास्त्रीय नावाचा पहिला शब्द प्रजाती सांगतो, तर दोन्ही शब्द मिळून जाती ठरते. ॲरिझोना आणि सोनोराच्या वाळवंटातील प्रचंड सहुआरोचे उदाहरण घेऊ. १८४८ साली एंगेलमानने त्याला ‘सीरियस जायगँटियस’ म्हटले. १९०८ साली ब्रिटन आणि रोझ यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती मानली आणि अँड्र्यू कार्नेगी यांच्या नावावरून तिला ‘कार्नेजिया’ म्हटले. तेव्हापासून तो ‘कार्नेजिया जायगँटिया’ झाला. नियमानुसार जुना दुसरा शब्द टिकतो. लॅटिन व्याकरणाप्रमाणे त्याचे लिंग तेवढे बदलते. म्हणजे नाव बदलले तरी त्याचा माग काढता येतो.

अवघड प्रश्न पुढेच आहे: एक जाती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते? काट्यांची संख्या आणि लांबी वयाप्रमाणे व उन्हाप्रमाणे बदलते. मांसल खोड दाबून वाळवले तर त्याचा मूळ आकार राहत नाही, त्यामुळे जुने नमुनेही अपुरे पडतात. अशा वेळी गुणसूत्रे मदतीला येतात. कॅक्टसच्या पेशीत साधारणतः २२ गुणसूत्रे असतात. लाल फुलांच्या ‘एकायनोसीरियस’ गटात दिसायला जवळजवळ सारखी झाडे आढळतात. पण ‘ट्रायग्लोकिडिएटस’ जातीत २२, तर ‘कॉक्सिनियस’ जातीत ४४ गुणसूत्रे असतात. या दोघांचा संकर झालाच, तर संततीत गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि ती बहुधा वांझ निघते. डोळ्यांना न दिसणारी भिंत ती हीच.

ही केवळ पोथीतली हुज्जत नव्हे. याच गटातील ‘ॲरिझोनिकस’ला अमेरिकेने १९७९ साली धोक्यातील वनस्पती म्हणून संरक्षण दिले. तो वाढतो तांब्याच्या खाणींच्या मुलखात, आणि त्याचा सारखा दिसणारा ‘कॉक्सिनियस’ पुष्कळ दूरवर पसरलेला आहे. ‘ॲरिझोनिकस’मध्ये २२ गुणसूत्रे असतात. तेव्हा एखाद्या डोंगरावरचे झुडूप कोणते, हे काटे मोजून नव्हे, तर गुणसूत्रे मोजून अधिक खात्रीने सांगता येते. चुकीची चिठ्ठी लागली, तर दुर्मीळ झाड सामान्य समजून उखडले जाईल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत कॅक्टसच्या ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. कायदा झाडाला त्याच्या नावाने ओळखतो. म्हणून संरक्षणाची सुरुवात अचूक नावापासून होते.