खरेदीचा प्रवास आणि रेल्वे आरक्षण : व्यापाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

जळगावच्या फुले मार्केटमधील कापड दुकानदार असो, धुळ्याचा यंत्रमागधारक असो की दोंडाईच्याचा मिरचीचा व्यापारी, वर्षातून काही वेळा तरी त्याला सुरत, अहमदाबाद, दिल्ली किंवा कोलकाता गाठावे लागते. मालाचा भाव आणि उधारीची मुदत यांचा तो बारकाईने हिशेब करतो. तिकिटाचा विचार मात्र निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू होतो. मग धावपळ होते, दलालाला जादा पैसे मोजावे लागतात, नाही तर प्रवासच पुढे ढकलावा लागतो. सणाच्या तोंडावर चार दिवसांचा उशीर झाला की चांगला माल दुसरे उचलतात आणि उरलेला आपल्या गळ्यात पडतो. हा तोटा खातेवहीत कोठेच लिहिला जात नाही. तो टाळण्यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

साठ दिवसांचा हिशेब

पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवसांवर आणली गेली. म्हणजे शाबानमध्ये सुरतेला जायचे असेल, तर तिकिटाचा विचार जमादिलाखरमध्येच व्हायला हवा. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून चालत नाही. ईदला घरी परतायचे असेल तर चंद्रदर्शनासाठी एक दिवस हाताशी ठेवूनच परतीचे तिकीट काढावे. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकाच वेळी काढणे उत्तम. जाण्याची सोय होते आणि परतताना हाल होतात, असे पुष्कळदा घडते.

मध्यरात्रीची तारीख

जळगावकरांची सर्वात महागडी चूक तारखेची असते. मुंबईहून रात्री नऊच्या सुमारास सुटणारी गाडी जळगावला मध्यरात्रीनंतर येते. दहा तारखेच्या रात्री जेवून स्टेशनवर जायचे आणि गाडी दोन वाजता, तर तिकीट अकरा तारखेचे हवे. दहा तारखेचे काढले तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. ही चूक आम्हीही एकदा केली आहे. डब्याबाहेरच्या यादीत नाव शोधत उभे राहिलो, तेव्हा कोठे उलगडा झाला. तत्काळ तिकिटाची खिडकीही गाडी मूळ स्टेशनावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडते. वरच्या उदाहरणात गाडी मुंबईहून दहा तारखेला सुटते, म्हणून तत्काळ तिकीट नऊ तारखेलाच काढावे लागेल.

मधल्या स्टेशनाचा कोटा

जळगावहून जाणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्या अन्य ठिकाणाहून सुटतात. मधल्या स्टेशनाच्या वाट्याला थोड्या जागा येतात आणि तेथील प्रतीक्षा यादी वेगळी, हळू सरकणारी असते. अशा वेळी थोडे जादा भाडे देऊन मोठ्या कोट्याच्या आधीच्या स्टेशनापासून तिकीट काढता येते. मात्र चढण्याचे ठिकाण म्हणून जळगाव नोंदवायलाच हवे. ते राहिले असेल तर गाडीचा तक्ता तयार होण्यापूर्वी बदलून घ्यावे. नाही तर प्रवासी आला नाही असे समजून जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

प्रतीक्षा यादीचे तिकीट घेऊन शयनयान डब्यात शिरण्याची सवय आता सोडावी. १ मे २०२५ पासून याबाबत कडक अंमल सुरू झाला. ऑनलाइन काढलेले असे तिकीट तक्ता झाल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचे तिकीट आपणच जाऊन रद्द करायचे असते.

धुळेकरांची अडचण

धुळे हे चाळीसगावहून येणाऱ्या फाट्याचे शेवटचे स्टेशन आहे. त्यामुळे दूरच्या प्रवासासाठी चाळीसगाव, नरडाणा किंवा जळगाव गाठावे लागते. जळगावपर्यंत एस.टी.ने यायचे असेल तर रस्त्याचा खोळंबा गृहीत धरून किमान दोन तास हाताशी ठेवावेत. एस.टी. उशिरा आली म्हणून रेल्वे पैसे परत करीत नाही. दोन्ही प्रवास रेल्वेचे असतील तर दोन्ही तिकिटे एकमेकांशी जोडून घ्यावीत. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकल्यास न झालेल्या प्रवासाचे पैसे मागण्याची सोय १ एप्रिल २०१९ पासून आहे.

नाव आणि आधार

आपल्याकडे एकाच माणसाचे नाव कोठे 'मो.', कोठे 'मोहम्मद', तर कोठे 'शेख' आधी आणि कोठे नंतर असे लिहिलेले असते. तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळेल असेच लिहावे. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारने पडताळलेले खाते लागते. सणाच्या दिवशी ही खटपट करण्यापेक्षा आजच खाते आधारशी जोडावे.

तत्काळची नोंदणी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि इतरांसाठी अकराला सुरू होते. पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांनाही बंदी आहे. तेव्हा 'हमखास काढून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणाऱ्यास रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याच्या नावाचे तिकीट घेणाऱ्याचे पैसे जातात आणि प्रवासही अर्ध्यावर राहतो.

बेत बदलल्यास

रद्द करायला जितका उशीर, तितकी कपात जास्त. निश्चित झालेल्या तत्काळ तिकिटाचे तर स्वेच्छेने रद्द केल्यास काहीच परत मिळत नाही. आपल्याऐवजी मुलाला किंवा भावाला पाठवायचे असेल, तर गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज करून निश्चित तिकीट त्याच्या नावे करता येते. आईवडील, भावंडे, मुले आणि पती-पत्नी यांनाच ही सवलत आहे. भागीदाराला किंवा नोकराला नाही. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर ती प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी मागणी करून पूर्ण रक्कम मिळवता येते.

दुकानात वर्षाचे कॅलेंडर टांगलेलेच असते. हंगाम, सण आणि लग्नसराई पाहून खरेदीच्या तारखा त्यावर खुणा करून ठेवाव्यात आणि प्रत्येक खुणेच्या साठ दिवस मागे दुसरी खूण करावी. एवढ्या कामाला अर्धा तास पुरेसा आहे.