पकड, पास आणि तिसरा करंडक : इंग्लंडच्या महिला रग्बीचा एक हंगाम

कबड्डीत एखाद्या मुलीने चढाईला आलेल्या खेळाडूचा घोटा धरून तिला जागीच आडवं केलं, तर आज आपल्यापैकी कुणी तोंडात बोट घालत नाही. रग्बीतही अशीच पकड असते. फरक एवढाच, की मैदान फुटबॉलएवढं मोठं, बाजूला १५-१५ खेळाडू आणि खेळ तब्बल ८० मिनिटांचा! चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण पास द्यायचा तो मागेच. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, म्हणजे ५ गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी २.

इंग्लंडमध्ये महिलांची या खेळाची सर्वोच्च क्लब स्पर्धा म्हणजे ‘प्रीमियरशिप विमेन्स रग्बी’. तिचा २०२४-२५चा हंगाम लक्षात ठेवण्यासारखा झाला. संघ ९. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा पाहुण्यांच्या मैदानावर, म्हणजे प्रत्येकी १६ साखळी सामने. विजयाला ४ गुण. चार ट्राय केले तर एक जादा गुण आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तरीही एक. त्यामुळे हरता हरताही शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजावं लागतं.

संघ ९च का, याची गोष्ट मात्र कडू आहे. आधी ते १० होते. २०२३च्या शरद ऋतूत, नवा हंगाम तोंडावर आलेला असताना वूस्टर संघाचा पैसा आटला आणि संघ स्पर्धेतून बाहेर पडला. खेळाडूंना ऐनवेळी दुसरे क्लब शोधावे लागले. गुणवत्ता होती, मेहनत होती, पण पायाखालची जमीनच सरकली. म्हणूनच पुढच्या हंगामात प्रत्येक प्रेक्षक मोलाचा होता.

ते प्रेक्षक आणले इलोना माहेर हिने. पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स रग्बीत अमेरिकेला कांस्यपदक मिळवून देणाऱ्या संघातली ही खेळाडू. ‘अंगाने धिप्पाड असणं ही लाजायची गोष्ट नाही’ हे ती मुलींना हसतखेळत सांगते आणि सोशल मीडियावर लाखो लोक ते ऐकतात. अवघ्या तीन महिन्यांसाठी ती ब्रिस्टल बेअर्सकडे आली. ५ जानेवारी २०२५ रोजी तिच्या पहिल्या सामन्यासाठी क्लबने आपलं नेहमीचं छोटं मैदान सोडून अ‍ॅश्टन गेट स्टेडियम घेतलं. तिकडे ९,२४० माणसं आली. ती उतरली उत्तरार्धात, बदली खेळाडू म्हणून. सामना मात्र जिंकला पाहुण्या ग्लॉस्टर-हार्टपरीने.

हा ग्लॉस्टर-हार्टपरी संघच हंगामाचा खरा नायक. ग्लॉस्टरचा क्लब आणि जवळच्या हार्टपरी गावातलं शेती-पशुपालन शिकवणारं महाविद्यालय यांनी मिळून २०१४मध्ये तो उभा केला. मुलगी तिथे शिकतेही आणि खेळतेही. २०२३ आणि २०२४चे करंडक त्यांच्याकडेच होते. त्या हंगामात उपांत्य सामन्यात त्यांनी ब्रिस्टलला पुन्हा हरवलं आणि १६ मार्च २०२५ रोजी अंतिम सामन्यात सारासेन्सला, तेही लंडनमधल्या त्यांच्याच मैदानावर, ३४-१९ असं नमवलं. लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवणारा हा पहिलाच क्लब. प्रशिक्षक शॉन लिन यांचा क्लबसाठीचा हा शेवटचा सामना. त्यानंतर ते वेल्सच्या महिला संघाकडे गेले.

हंगाम मार्चमध्येच संपवला, कारण त्याच वर्षी विश्वचषक होता. २७ सप्टेंबरला ट्विकेनहॅमला ८१,८८५ प्रेक्षकांसमोर इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ हरवलं. विजेत्या संघाची कर्णधार झो ऑल्डक्रॉफ्ट ही ग्लॉस्टर-हार्टपरीची. हरलेल्या कॅनडाची कर्णधार अ‍ॅलेक्स टेसिए एक्सेटर क्लबची. म्हणजे दोन्ही बाजू त्याच लीगमध्ये घासूनपुसून तयार झालेल्या. विश्वचषकाच्या एका दिवसामागे थंडीपावसातले असे कितीतरी शनिवार-रविवार असतात.

आता आपल्याकडे पाहू. त्याच जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला, महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली. रग्बीत पुण्याच्या वाहबिझ भरूचा हिने भारताचं कर्णधारपद भूषवलं आहे आणि २०१९मध्ये आपल्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ हरवून १५ जणींच्या रग्बीतला पहिला विजय मिळवला. गुणवत्तेला तोटा नाही. पण महिलांची व्यावसायिक कबड्डी लीग २०१६मध्ये तीन संघांनिशी झाली आणि एका हंगामानंतर थांबली. पदक मिळाल्यावर हारतुरे होतात. दर आठवड्याचा सामना मात्र कुणी तरी उभा करावा लागतो, आणि कुणी तरी जाऊन पाहावा लागतो.

माहेर तीन महिन्यांनी परत गेली. हार्टपरीच्या मुली मात्र पुढच्या हंगामाच्या सरावाला लागल्या. तेव्हा तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गावात मुलींचा कबड्डीचा, खो-खोचा किंवा रग्बीचा सामना असेल, तर नुसतं ‘लाइक’ करून थांबू नका. घरच्यांना घेऊन मैदानावर जा. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या चार माणसांनीही खेळणारीच्या पायात बळ येतं.