पिल्लू द्यायचंय, पण कुणाला?

पावसाळ्यात माजावर आलेल्या गल्लीतल्या कुत्र्या दोनएक महिन्यांनी, म्हणजे दसरा-दिवाळीपासून पुढे थंडीभर वितात. मग वाळूच्या ढिगाआड, बंद दुकानाच्या पायरीखाली, पार्किंगमधल्या खटारा मोटारीखाली पाच-सहा पिल्लं सापडतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचे फोटो फिरू लागतात. कुणीतरी दया येऊन त्यांना घरी आणतं आणि दोन दिवसांत दमून जातं. मग जो पहिला ‘मला द्या’ म्हणेल त्याच्या हाती पिल्लू जातं.

घाई समजण्यासारखी आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वयात येईपर्यंत जगली ती फक्त १९ टक्के. निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूसच होता. रस्ता असा आहे म्हटल्यावर कुठलंही घर बरं, असं वाटतंच. पण चुकीच्या घरातून चार महिन्यांनी बाहेर पडलेल्या पिल्लाला आई नसते, भावंडं नसतात, गल्ली ओळखीची नसते आणि गाडीला कसं चुकवायचं हेही कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून पिल्लं देणाऱ्या माणसाचं निम्मं काम नकार देण्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आड येतात ते काही पक्के गैरसमज.

‘आई दिसत नाही, म्हणजे पोरकी आहेत’

कुत्री पिल्लांना पाजून अन्न शोधायला निघून जाते. तिला यायला तास-दोन तास लागू शकतात, आणि आपण पिल्लांपाशी गर्दी करून उभे असलो तर ती जवळ येतच नाही. लांबून पाहावं. पोटं भरलेली असतील आणि एकमेकांवर रचून गाढ झोपली असतील, तर आई आहे. सतत केकाटणारी, हाताला गार लागणारी पिल्लं मात्र लगेच उचलावीत.

आई असेल तर आठ आठवडे होईपर्यंत वेगळी करू नयेत. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं. दीड महिन्याचं उचललेलं पिल्लू पुढे मुलांच्या हातांना कचाकचा चावतं, आणि त्याच कारणासाठी परत येतं. आईचं दूध नसेल तर गाई-म्हशीच्या दुधाने भागवू नये. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश कितीतरी जास्त, दुग्धशर्करा कमी. दूध-बिस्किटावर वाढवलेल्या पिल्लाला हगवण लागते ती बहुतेकदा यामुळेच. डॉक्टरांकडे पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते.

पिल्लं अंगावरून सुटली की आईची नसबंदी करून घ्यायची. ती राहिली तर पुढच्या वर्षी त्याच ढिगाआड नवी पिल्लं असतात.

‘टुणटुणीत दिसतंय, आजच देऊन टाका’

पार्व्हो हा विषाणू या टुणटुणीतपणाला दाद देत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडेही. रविवारी नाचतबागडत गेलेलं पिल्लू बुधवारी खाणं सोडतं, पिवळसर फेसाच्या उलट्या करतं आणि रात्रीपर्यंत रक्ती हगवण सुरू होते. त्या हगवणीचा वास एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही. नव्या घरातली माणसं ‘आजारी पिल्लू गळ्यात मारलं’ म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही.

तेव्हा उचलल्यानंतर दोन आठवडे पिल्लू आपल्याकडे किंवा सांभाळणाऱ्याकडे इतर कुत्र्यांपासून वेगळं राहावं. जंताचं औषध आणि सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस याच काळात होते. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचं होईपर्यंत द्यावे लागतात. एका सुईवर भागत नाही, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीला निष्प्रभ करू शकते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

एक प्रश्न आठवणीने विचारावा: ‘गेल्या वर्षभरात घरात एखादं पिल्लू दगावलं होतं का?’ हा विषाणू जमिनीवर, गोधडीत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनेलने जात नाही. पातळ केलेलं ब्लीच लागतं. अशा घरात लहान पिल्लू देऊ नये. लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं खुशाल द्यावं.

‘बंगला आहे, फार्महाऊस आहे, मजेत राहील’

माझ्या मते सगळ्यात जास्त पिल्लं या समजुतीने वाया जातात. दोन गुंठे बाग, कुंपण, झाडं ऐकून देणाऱ्याचे डोळे पाणावतात. प्रत्यक्षात मालक शनिवारी येणार, रविवारी जाणार. उरलेले पाच दिवस पिल्लू वॉचमनच्या खोलीबाहेर साखळीला. वॉचमन बदलला की जेवणही बदलतं, कधी बंदच होतं. कुत्रं राखणीला हवं असतं, आणि तीन महिन्यांचं पिल्लू कसली राखण करणार?

त्यात आपल्याकडे बिबट्या आहे. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यांनी खाल्लेल्या एकूण मांसात सुमारे ८७ टक्के वाटा माणसाच्या वस्तीतल्या जनावरांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडच्या शेतकऱ्याला हा आकडा सांगायची गरज नाही. तो आपलं कुत्रं रात्री आत घेतो किंवा त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतो. पुण्या-मुंबईचा हौशी फार्महाऊसवाला मात्र त्याला अंगणात साखळीने बांधून ठेवतो, म्हणजे पळायचीही सोय नाही. रात्री कुत्रं कुठे झोपणार, हे विचारल्याशिवाय शेतघराला हो म्हणू नये.

उलट वन बीएचकेत भाड्याने राहणारं, दोघांपैकी एक जण घरून काम करणारं जोडपं उत्तम घर ठरू शकतं. त्यांच्याकडून घरमालकाची लेखी परवानगी तेवढी घ्यावी. ‘सोसायटीत कुत्रं चालत नाही’ हेही खरं नाही. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण कायदा बाजूने असला तरी लिफ्टमधली रोजची कटकट सोसायची तयारी घरच्यांची आहे का, हे आधी पाहिलेलं बरं.

‘घरात सगळ्यांनाच आवडतात कुत्री’

फोनवर हे वाक्य हमखास येतं. मागे एका गृहस्थांचा आला.

‘ताई, मुलगी फार मागे लागलीय.’

‘कितवीत आहे?’

‘चौथीत.’

‘मग सकाळी सहाला पिल्लाला खाली कोण नेणार? रात्री शू कोण पुसणार?’

ते गप्प. मागून, बहुधा स्वयंपाकघरातून, आवाज आला, ‘माझ्याकडे बघू नका हं. माझे गुडघे आधीच गेलेत.’

त्या आजींनी माझं काम सोपं केलं. घरातला जो माणूस दिवसभर घरी असतो, त्याचा होकार हाच खरा होकार. बाकीच्यांची नुसती हौस. म्हणून त्या माणसाशी बोलल्याशिवाय पिल्लू देऊ नये, आणि वाढदिवसाची भेट म्हणून तर मुळीच नाही. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. चौथीतली मुलगी तोवर कॉलेज संपवून बाहेरगावी गेलेली असते.

पुढचा प्रश्न बदलांचा. लग्न, बाळंतपण, बदली, परदेश, या चार वळणांवर कुत्री परत येतात. अविवाहित मुलामुलींना मी ‘लग्न ठरलं तर कुत्र्याचं काय?’ असं सरळ विचारते. काही जण रागावतात, काहींनी विचार केलेला असतो. अमेरिकेला जायची शक्यता असणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं, की १ ऑगस्ट २०२४ पासून तिथे नेल्या जाणाऱ्या कुत्र्याचं वय किमान सहा महिने आणि अंगात मायक्रोचिप असावीच लागते, आणि भारतासारख्या देशातून नेताना रेबीजच्या लशीची कागदपत्रंही लागतात.

‘गावठी घरात टिकत नाही, आणि मादी तर नकोच’

गावठी कुत्रं शी-शूची जागा इतर कुठल्याही जातीच्या कुत्र्याइतक्याच लवकर शिकतं. त्याची आखूड केसांची कातडी आपल्या हवेला साजेशी. पुण्याच्या एप्रिलमध्ये एसीपुढे धापा टाकणाऱ्या हस्कीपेक्षा ते नक्कीच सुखी. मादीबद्दलची कुरकुर असते ती पाळीची आणि पिल्लांची. दोन्हींवर नसबंदी हा एकच उपाय आहे, आणि त्याने गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. मादी नेणाऱ्याकडून मी याचं वचन आधी घेते, नर नेणाऱ्याकडूनही.

‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ असंही म्हणतात. अमेरिकेत मांजरांबाबत हे तपासून पाहिलं होतं. पैसे भरून नेणाऱ्यांच्या आणि फुकट नेणाऱ्यांच्या जिव्हाळ्यात फरक आढळला नाही. लशीचा खर्च जरूर मागावा, पण ती पारख नव्हे.

‘एवढ्याशा पिल्लाच्या दाताने काय होतंय’

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लालाही रेबीज असू शकतो. दात किंवा नख लागून रक्त आलं, नुसतं खरचटलं, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काहीही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना जमाना झाला. आता लस दंडात देतात. हे सगळं पिल्लू देतानाच सांगावं. भीती वाटून कुणी पिल्लू नाकारलं, तर तेही कळलेलं बरं.

‘फॉर्मवर सही झाली, आपण सुटलो’

पाळलेलं जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज धड दोन वडापाव-चहा होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेणाऱ्यावर ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी टाकली आहे, हे चांगलंच. तरी फॉर्मचा धाक धरून बसू नये. त्याचा खरा उपयोग ओळखपत्र, पत्ता आणि एका ओळीसाठी: ‘सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू दुसऱ्या कुणाला न देता परत आणून देईन.’

पहिल्या आठवड्यात दोनदा फोन करावा, महिन्याने घरी जाऊन यावं, सहाव्या महिन्यात नसबंदीची आठवण द्यावी. व्हिडिओ पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याकडे लगेच जावं. आणि कुणी पिल्लू परत आणलंच तर दारात उभं करून त्याची खरडपट्टी काढू नये. काय बिनसलं ते विचारून लिहून ठेवावं, लसीचं कार्ड मागून घ्यावं आणि चहा द्यावा. आपण बोल लावले ही बातमी त्यांच्या सोसायटीत पोचते, आणि तिथला पुढचा कंटाळलेला माणूस आपल्याला फोन न करता रात्री हायवेला गाडी थांबवतो.